नोंदी ठेवा, नोटा लावू नका!

आयपीएलचा हंगाम तोंडावर आला की आपल्या कॅम्पसवर एक वेगळाच अभ्यास सुरू होतो. ज्या पोट्ट्याला व्हायवात थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम आठवत नाही, त्याला कोणता बॉलर शेवटच्या चारपैकी कोणत्या दोन ओव्हर टाकतो, कोण कितव्या नंबरला येतो, कोणाचा खांदा दुखावलाय हे सगळं तोंडपाठ असतं. सबमिशनची फाईल कोरी, पण वहीच्या मागच्या पानांवर अकरा-अकरा नावांच्या याद्या! टपरीवर चहा येईस्तोवर वाद एकच, "कॅप्टन कोनाले करू बे?"

या अभ्यासाला मी नावं ठेवणार नाही. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत आपण कोणी न सांगता, मनापासून केलेला हा बहुधा एकमेव अभ्यास आहे. मला बोलायचंय ते या अभ्यासाचं गेल्या काही वर्षांत काय झालं आणि आता काय व्हायला पाहिजे याबद्दल.

ज्यांना हे प्रकरण माहीतच नाही अशा कॉलेजातल्या दोन-तीन सज्जनांसाठी थोडक्यात सांगतो. फँटसी क्रिकेट म्हणजे खरा सामना सुरू होण्याआधी दोन्ही टीममधले खेळाडू घेऊन आपली अकरा जणांची टीम बनवायची. प्रत्येक खेळाडूला किंमत लावलेली, आपल्याकडे शंभर क्रेडिट्सचं बजेट. त्यामुळे सगळेच हिरे घेता येत नाहीत, दोन-चार दगडही घ्यावे लागतात. मग मैदानावर आपल्या खेळाडूनं रन काढले, विकेट घेतली, कॅच पकडला की आपल्याला पॉइंट. कॅप्टनचे दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. ज्याचे पॉइंट जास्त तो जिंकला.

आपल्याकडे हे घराघरांत पोचवलं ते मुंबईच्या ड्रीम इलेव्हननं. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ साली, म्हणजे आयपीएल सुरू झालं त्याच वर्षी ही कंपनी काढली. २०२० मध्ये २२२ कोटी रुपये मोजून ती आयपीएलचीच मुख्य प्रायोजक झाली. २०२३ मध्ये टीम इंडियाच्या जर्सीवर तिचं नाव आलं. आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये तीन दिवसांत सगळा पटच उलटला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सहीही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवायला बंदी! चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. नुसतं खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, आणि महिनाभरात जर्सीवरचं नावही बदललं.

त्या दिवसापासून आपल्या हॉस्टेलात दोन पार्ट्या पडल्या आहेत. एक पार्टी म्हणते, "बरं झालं, जुगारच होता तो!" दुसरी म्हणते, "अन्याय आहे राजेहो! ही स्किलची गेम होती, कोर्टानं सांगितलं होतं." माझ्या मते दोन्ही पार्ट्या निम्म्या बरोबर आहेत, आणि आपण इंजिनीअरिंगचे विद्यार्थी असल्यामुळे उरलेलं निम्मं शोधायची जबाबदारी आपली आहे.

दुसऱ्या पार्टीचं म्हणणं आधी घेऊ. कोर्टानं सांगितलं होतं हे खरं आहे. २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं, २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा खेळ प्रामुख्यानं कौशल्याचा असल्याचं मान्य केलं होतं. आणि ज्यानं कधी मनापासून टीम बनवली आहे तो हे नाकारणार नाही. पिच बघावं लागतं, टॉस बघावा लागतो, कोण किती ओव्हर टाकणार याचा अंदाज घ्यावा लागतो. हे कौशल्य नाही तर काय? पण खरा प्रश्न वेगळा आहे. हे कौशल्य दिसून यायला वेळ किती लागतो?

उत्तरासाठी लांब जायची गरज नाही. वर्धा रोडनं जामठ्याला जाऊ या. १५ मार्च २०१६, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची पहिलीच मोठी लढत, भारत विरुद्ध न्यूझीलंड. न्यूझीलंडनं ट्रेंट बोल्ट आणि टिम साउदी या दोन्ही हुकमी बॉलरना बाहेर बसवलं आणि तीन फिरकीपटू खेळवले. सगळे म्हणाले, डोकं फिरलं काय यांचं? न्यूझीलंडनं जेमतेम १२६ रन केले. आणि आपण ७९ वर ऑल आउट! सँटनरला चार, सोढीला तीन, नेथन मॅक्कलमला दोन. दहापैकी नऊ विकेट फिरकीला. त्या रात्री प्रत्येक अभ्यासूनं वहीत लिहिलं असणार, 'जामठा : स्पिनरच घ्यायचे.'

आता तेच मैदान, १० नोव्हेंबर २०१९, भारत विरुद्ध बांगलादेश. दीपक चहरनं ३.२ ओव्हरमध्ये ७ रन देऊन ६ विकेट घेतल्या, वर हॅट्ट्रिक. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीतली तोवरची ती सर्वोत्तम कामगिरी होती. शिवम दुबेला तीन. म्हणजे बांगलादेशच्या दहापैकी नऊ विकेट सीम बॉलरना! चहलला एक मिळाली. जामठ्याची नोंद वाचून ज्यानं स्पिनर घेतले असतील तो त्या रात्री गारद. आणि ज्यानं सहज म्हणून चहरला कॅप्टन केलं असेल तो राजा.

आता सांगा, २०१६ ची नोंद चुकीची होती का? नाही. एकाच सामन्यावरून ती नियम म्हणून वापरणं चुकीचं. आपले मॅथ्सचे सर याला 'सॅम्पल साइज' म्हणतात आणि आपण त्या तासाला मागच्या बाकावर झोपतो.

थोडं गणित करू. घाबरू नका, एम-थ्रीचं नाही. समजा तुमचा अभ्यास इतका पक्का आहे की मित्राविरुद्ध शंभरपैकी पंचावन्न सामने तुम्ही जिंकता. हे काही कमी नाही. तरी कोणत्याही एका रात्री तुम्ही हरण्याची शक्यता ४५ टक्के आहे, म्हणजे जवळपास छापा-काटाच. पण आयपीएल २०२५ सारखा ७४ सामन्यांचा हंगाम पूर्ण खेळा. आता हंगामाअखेर तुम्ही पुढे असण्याची शक्यता चारात तीन वेळा इतकी होते. माणूस तोच, अभ्यास तोच. फक्त हंगाम मोठा.

आता यात पैसा आणा. उदाहरण म्हणून दोघांनी शंभर-शंभर लावले, चालवणाऱ्यानं त्यातले तीस ठेवून घेतले आणि जिंकणाऱ्याला १७० दिले असं धरू. तुम्ही पंचावन्न टक्के वेळा जिंकणारे हुशार, म्हणजे दर सामन्याला सरासरी हातात साडेत्र्याण्णव रुपये येणार आणि शंभर जाणार. हुशार असूनही सामन्यामागे साडेसहा रुपयांचा खड्डा! खिसा नुसता वाचवायचा तरी शंभरात एकोणसाठ वेळा जिंकावं लागेल. आणि ही झाली दोघांची लढत. जिथे एका स्पर्धेत लाखो टीम उतरतात आणि पहिल्याला कोटीचं बक्षीस असतं, तिथे पहिलं यायला अभ्यास पुरत नाही, त्या रात्री एखादा चहर तुमचा कॅप्टन असावा लागतो.

म्हणून पहिल्या पार्टीला मी सांगतो की खेळ जुगार नव्हता, पण एका रात्रीचा करून तो जुगारासारखा झाला. आणि दुसऱ्या पार्टीला सांगतो की तुमचं कौशल्य खरं होतं, पण ज्या मापानं ते मोजलं जात होतं ते माप खोटं होतं.

गंमत अशी की हा खेळ जन्मला तेव्हा असा नव्हताच. अमेरिकेत बेसबॉलवर हे वेड सुरू झालं. १९८० साली डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखक-संपादकानं न्यूयॉर्कमधल्या 'ला रोटिसेरी फ्रान्सेज' या हॉटेलात जमणाऱ्या मित्रांना घेऊन लीग काढली. हॉटेलच्या नावावरून खेळाचंच नाव 'रोटिसेरी बेसबॉल' पडलं. पद्धत अशी की हंगाम सुरू होण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून खेळाडूंचा लिलाव करायचा, ठरलेल्या बजेटात आपला संघ घ्यायचा आणि मग वाट बघायची. बेसबॉलमध्ये एकेक टीम हंगामात १६२ सामने खेळते. सहा महिने रोज सकाळी पेपरातले आकडे बघायचे, बेरजा करायच्या. बॅटिंग ॲव्हरेज किती, होम रन किती, बेस चोरले किती. पैसा त्यांच्यातही होता. पण निकाल हंगाम संपल्यावर लागायचा. पहिल्या आठवड्यात एखाद्यानं चार होम रन ठोकले म्हणून कोणी त्याच्यावर घर विकत नव्हतं, आणि आठवडाभर चाललं नाही म्हणून कोणी चांगला खेळाडू फेकून देत नव्हतं. तिथले अभ्यासू दरवर्षी हंगामाच्या तोंडावर खेळाडूंच्या नोंदी काढतात. हा वयानं उतरणीला लागला, याची गेल्या वर्षीची कमाई नशिबाची होती, याला यंदा वरचा नंबर मिळणार, वगैरे. धीर धरायला शिकवणारा खेळ होता तो. आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातला धीर गळून पडला आणि 'आज रातच्याले किती लावतं?' एवढंच उरलं.

याची किंमत आपल्यातल्या काहींनी मोजली आहे. माझ्याच विंगमधला एक मित्र, हुशार, क्रिकेट कोळून प्यालेला. सेमिस्टरच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी घरून आलेले पैसे एका ॲपवर घालवून बसला. वडिलांची गावाकडे पाच एकर कोरडवाहू पऱ्हाटी. त्यानं घरी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. विंगमधल्या पोरांनी दोनशे-दोनशे काढून फॉर्म भरला, लेट फीसकट. पैसे गेले त्याचं तर वाईट वाटलंच, पण जास्त वाईट वाटलं ते पुढचं. त्या पोरानं क्रिकेट बघणंच सोडलं. मॅच लागली की कॉमन रूममधून उठून जायचा. ज्या खेळावर त्याचं इतकं प्रेम होतं तोच त्याला बघवेना. बंदीवर चर्चा करताना रुपयांचे आकडे सगळे सांगतात, हा हिशेब कोणीच मांडत नाही.

आणि बंदी आली म्हणून धोका संपला असं समजू नका. सट्टा नागपूरला नवा नाही. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा तर १८८७ पासून आहे, म्हणून सट्टा थांबला का? आता 'परदेशातलं ॲप आहे, काही होत नाही' म्हणून लिंक पाठवणारे भेटतील, 'पक्की टीम देतो' म्हणून पैसे मागणारे भेटतील. साधा विचार करा, ज्याला पक्की टीम माहीत आहे तो ती तुम्हाला दोनशे रुपयांत कशाला विकेल?

मग काय, वह्या रद्दीत टाकायच्या? मुळीच नाही! उलट मी म्हणतो, पैसा गेला म्हणजे आता खरा खेळ सुरू करता येईल. माझी वही चालूच आहे. नमुन्यादाखल त्यातल्या २०२५ च्या आयपीएलच्या तीन नोंदी देतो. तिघेही २०२४-२५ च्या हंगामात आपल्या विदर्भाकडून खेळलेले.

पहिला करुण नायर. विजय हजारे ट्रॉफीत आठ डावांत ७७९ रन, पाच शतकं, ॲव्हरेज ३८९.५०. आकडा बघून डोळे फिरतात. पण ॲव्हरेज काढताना भागतात ते आउट झालेल्या वेळांनी, आणि तो आउट झाला होता फक्त दोनदा. डावांनी भागलं तर सत्त्याण्णवच्या आसपास येतात. तेही अफाटच, पण ३८९ नव्हेत. आयपीएलमध्ये दिल्लीनं त्याला ५० लाखांत घेतलं होतं. १३ एप्रिलला पहिली संधी मिळाली आणि मुंबईविरुद्ध ४० बॉलमध्ये ८९. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा कॅप्टन करुण! उरलेल्या सात डावांत मिळून त्याचे रन झाले १०९. तो वाईट खेळाडू झाला का? अजिबात नाही. ज्यानं एका डावावरून मत बनवलं तो फसला, एवढंच.

दुसरा हर्ष दुबे. डावखुरा फिरकीपटू. २०२४-२५ च्या रणजी हंगामात ६९ विकेट, स्पर्धेच्या इतिहासात एका हंगामातल्या सगळ्यात जास्त. केरळविरुद्धची ती फायनल तर आपल्याच जामठ्यावर झाली. दानिश मालेवारचे १५३, दुसऱ्या डावात करुणचे १३५, आणि पहिल्या डावातल्या ३७ रनच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा चॅम्पियन. तरी हंगामाच्या सुरुवातीला आयपीएलच्या एकाही टीममध्ये हर्षचं नाव नव्हतं. मे महिन्यात हैदराबादनं त्याला बदली खेळाडू म्हणून बोलावलं, तेव्हा लोक विचारू लागले, 'हा कोन आहे बे?' ज्यानं रणजीच्या नोंदी ठेवल्या होत्या त्याला विचारावं लागलं नाही.

तिसरा अमरावतीचा जितेश शर्मा. बंगळुरूनं ११ कोटींना घेतला. खाली येतो, त्यामुळे बॉल थोडे मिळतात आणि पॉइंट बेभरवशाचे. २७ मे रोजी लखनऊविरुद्ध २२८ चा पाठलाग करताना ३३ बॉलमध्ये नाबाद ८५, तेही बदली कॅप्टन म्हणून. पण माझ्या वहीत जास्त जाड अक्षरात आहे ती ३ जूनच्या फायनलची नोंद : १० बॉलमध्ये २४. पॉइंटांच्या हिशेबात किरकोळ. पण बंगळुरूनं ती फायनल जिंकली ६ रननी! कोणत्याही पॉइंट सिस्टीमला हे दिसत नाही. बघणाऱ्याला दिसतं.

म्हणून माझा प्रस्ताव असा. प्रत्येक विंगनं, प्रत्येक ब्रँचनं आपापली लीग काढावी. आठ जण पुरे. हंगामाआधी एक रविवार मेसमध्ये बसून लिलाव करायचा, प्रत्येकाला शंभर पॉइंटचं बजेट. प्रत्येक खेळाडूमागे दोन ओळींची नोंद लिहिणं सक्तीचं : का घेतला आणि काय घडलं तर मी माझं मत बदलेन. पहिल्या तीन आठवड्यांत खेळाडू बदलायचा नाही. निकाल फायनलनंतरच. प्रवेश फी शून्य, बक्षीस शून्य. जिंकणाऱ्याच्या दारावर विंगमधली मोडकी बॅट वर्षभर टांगायची, बस. आणि हिवाळ्यात याच नियमांनी रणजीची लीग. तेव्हा जामठ्याला विदर्भाची मॅच असली तर एक दिवस बंक परवडतो, एवढं तर अटेंडन्सच्या हिशेबात आपण सगळेच तरबेज आहोत.

यातून काय मिळणार, असं कोणी विचारेल. प्लेसमेंटला उपयोग? होईलही. आकड्यामागचं कारण शोधणं, थोड्या पुराव्यावर मोठं मत न बनवणं, आपलं मत लिहून ठेवून नंतर ते तपासणं, याच गोष्टी आपण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एकमेकांची रीडिंग उतरवून टाळत आलो आहोत. रजनीश गुरबानी हा आपल्यासारखाच सिव्हिल इंजिनीअर. २०१७-१८ च्या रणजी फायनलमध्ये इंदूरला दिल्लीविरुद्ध त्यानं हॅट्ट्रिक घेतली आणि विदर्भानं पहिल्यांदा ती ट्रॉफी उचलली. तेव्हा इंजिनीअरिंग आणि क्रिकेट यांचं जमत नाही, असं निदान नागपुरात तरी कोणी म्हणू नये.

पण खरं सांगू? उपयोगासाठी नाहीच मुळी. आपल्याला हा खेळ आवडतो म्हणून. आणि जे आवडतं ते लक्ष देऊन बघावं, त्याबद्दल चार ओळी लिहाव्यात आणि धीरानं वाट बघावी, यात जी मजा आहे ती वॉलेटमध्ये जमा होत नाही आणि वॉलेटमधून कटतही नाही.

तेव्हा पोट्टेहो, काढा ती मागची पानं. पेन आपलं, वही आपली, आणि खिशातले पैसे परीक्षेच्या फॉर्मसाठी आणि सकाळच्या तर्री-पोह्यांसाठी राहू द्या!